ढब्बूच्या पँटवरचे डाग

"उद्याही टाकीतलं पाणी नापास झालं तर गाशा गुंडाळायचा," मावशी म्हणाली आणि भाचरांचा पोहायला जायचा बेत तिथंच बारगळला.

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात मावशीचा प्रयोग चालला होता. प्लास्टिकमधून, औषधांमधून पाण्यात अशी काही द्रव्यं उतरतात, की ती शरीरातल्या हार्मोनचं सोंग घेतात. मग बिचाऱ्या माशांची पिल्लंही धड वाढत नाहीत. मावशीच्या टाकीतल्या जेलीसारख्या तपकिरी मण्यांत एन्झाइम होतं. ते या सोंगाड्यांचे तुकडे पाडायचं. प्रयोगशाळेत तरी पाडायचं. टाकीत मात्र दुसऱ्याच दिवशी ढिम्म! आता मण्यांची शेवटची बरणी उरली होती आणि उद्या मोठे साहेब येणार होते.

तिन्ही भाचरं टाकी बघायला गेली. ढब्बू सवयीप्रमाणे टाकीच्या ओल्या कठड्यावरच बसला. घरी आल्यावर चिंगी पोट धरून हसत सुटली. त्याच्या काळ्या पँटवर मागं पांढरे डाग पडले होते.

ताईनं पँटचा वास घेतला. "ब्लीच! एन्झाइमची वाट लागते त्यानं. मावशीच म्हणाली होती."

ब्लीच ओतणार कोण? स्वच्छतेचं वेड असलेले केंद्राचे राखणदारकाका, दुसरं कोण! पण त्यांनीच तर तिघांना सायकल शिकवली होती. त्यांच्यावर आळ घ्यायला कुणाचीच जीभ रेटेना.

मग चिंगीनं युक्ती काढली. संध्याकाळी मावशीनं शेवटचे मणी टाकीत सोडले. ढब्बूनं काकांना गप्पांत गुंतवलं. त्यात त्याचा हात कोण धरणार? तेवढ्यात बहिणींनी ब्लीचचा कॅन लपवून तसाच पाण्यानं भरलेला कॅन तिथं ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाण्याचा निकाल आला. मावशीनं तो पुन्हापुन्हा वाचला. सोंगाडे जवळजवळ नाहीसे झाले होते! साहेबांनी तिथल्या तिथं प्रयोग पुढं चालू ठेवायला सांगितलं.

काका तेवढे फुरंगटलेले. "साहेब, त्या ब्लीचवाल्याला जाब विचारा. रोजच्यासारखी टाकीतली बुळबुळीत घाण धुवायला गेलो, तर ब्लीचला वासच नाही!"

मावशीनं काकांकडं पाहिलं, मग मुलांकडं. ढब्बूनं मुकाट्यानं पाठ फिरवून पँट दाखवली.

काकांचा चेहरा पडला. मावशीनं त्यांचा हात हातात घेतला. "काका, टाकी तुमच्याइतकी जिवापाड कुणी जपली नसती. फक्त माझ्या मण्यांना अंघोळ घालू नका."

साहेबांनी तिघांची पाठ थोपटली. मावशीनं ढब्बूला नवी पँट घेतली. जुनी मात्र तिनं परत दिलीच नाही. प्रयोगशाळेत तिच्या कोटाशेजारी ती अजून टांगलेली आहे.