साहेब ओरडले की सुरू

कल्पना करा, तुम्ही जिन्याखालच्या एका चिंचोळ्या खोलीत बसला आहात. समोर लोखंडी कपाट आहे. त्यातल्या यंत्रावर हिरव्या दिव्यांची एक रांग आहे आणि ते सगळे दिवे एकदम, एकाच ठेक्यात, वेड्यासारखे लुकलुकताहेत. बाहेर फोन वाजतोय. जिन्यावरून कुणीतरी तुमच्या नावाने ओरडतंय. यंत्र बंद करण्याचं बटण अगदी हाताशी आहे आणि तुम्हाला करायचंय काय, तर काहीच नाही. हात मांडीवर ठेवून बसायचं. जमेल?

मिरीच्या आत्याला जमत नव्हतं. तिचा हात दोनदा बटणाकडे गेला आणि दोन्ही वेळा मिरीने तो धरला.

ही वेळ का आली, ते कळायला आपल्याला एक दिवस मागे जावं लागेल.

आत्या डोळ्यांच्या दवाखान्यात काम करायची. दवाखान्यातले सगळे कॉम्प्युटर एकमेकांशी जोडलेले ठेवणं हे तिचं काम. तपासणीच्या खोलीत डोळ्याचा फोटो निघाला, की तो वायरीतून जिन्याखालच्या यंत्रात यायचा. त्या यंत्राला स्विच म्हणतात. स्विच तो फोटो बरोबर ऑपरेशनच्या खोलीत पोचवायचा. फोटो पोचला नाही, तर ऑपरेशन पुढे ढकलावं लागायचं. आणि अलीकडे रोज दुपारी तो पोचत नव्हता. सगळे कॉम्प्युटर एकदम गोठायचे. डोळ्यात थेंब घातलेली माणसं बाकावर तशीच बसून राहायची.

सुट्टीला आलेली मिरी आणि तिचा धाकटा भाऊ लिंबू दुपारी डबा घेऊन आत्याकडे यायचे. लिंबूचं खरं नाव निराळं होतं, पण प्रत्येक खेळात तो लिंबूटिंबू असायचा, म्हणून लिंबू. बरोबर आत्याचा मुलगा पोपट असायचा. त्याला पोपट का म्हणायचे, ते सांगायची गरज पडणार नाही.

त्या दिवशी डबा उघडायच्या आतच दिवे लुकलुकायला लागले. फोन वाजला. आत्याने झाकण परत लावलं.

"बंद करून चालू करा," फोनवरचा आवाज खोलीभर ऐकू आला. ते व्यवस्थापक साहेब होते.

आत्याने स्विच बंद केला, चालू केला. दिवे क्षणभर शहाण्यासारखे वागले आणि पुन्हा वेडे झाले. तिने पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. तेच. मग साहेबांचं बोलावणं आलं, "ताबडतोब वर या, बैठकीच्या खोलीत." निघता निघता आत्याने स्विच आणखी एकदा बंद करून चालू केला आणि ती गेली. मुलं तिच्या मागोमाग जिन्यावर जाऊन उभी राहिली.

"हे पाहा," साहेब म्हणत होते. त्यांनी आपला लॅपटॉप वायरीला जोडला होता. "आता चालतंय. मी बोलावलं की बरं चालतं? म्हणजे जमतं तुम्हाला, फक्त ओरडावं लागतं."

"साहेब, मी खरंच काही..."

"उद्या मोठ्या डॉक्टरबाईंची ऑपरेशन्स आहेत. उद्या हे बंद पडलं, तर परवापासून दुसरं माणूस बघावं लागेल मला."

आत्या खाली आली. डबा तसाच होता. कुणालाच भूक नव्हती.

"आई, तू त्यांना सांग ना काहीतरी," पोपट म्हणाला.

"काय सांगू? मलाच माहीत नाही काय होतंय ते. बाहेरच्या लाइनवाल्यांना विचारलं, ते म्हणतात आमच्याकडे सगळं ठीक. वायरी बदलल्या. देखरेख करणारं नवीन यंत्र मागितलं, तर साहेब म्हणाले, आहे ते आधी नीट चालवा."

पोपटाने हवा हलकी करायला म्हटलं, "खरं तर साहेबांनाच खाली बसवायला हवं. ते ओरडले की सुरू होतं."

कुणी हसलं नाही. मिरीने मात्र आत्याकडे वळून विचारलं,

"रोज असंच होतं? ते ओरडायला बसले की सुरू?"

"रोज," आत्या म्हणाली. "हसण्यासारखंच आहे खरं."

"आत्या, या स्विचला काही कळतं का? म्हणजे कोणत्या भोकातून काय आलं, काय गेलं?"

"भोक नाही गं, पोर्ट. कळतं की. प्रत्येक पोर्टमधून किती आत आलं, किती बाहेर गेलं, सगळं तो मोजत असतो. त्याचं एक पान आहे." आत्याने तिच्या कॉम्प्युटरवर ते पान उघडून दाखवलं. सगळे आकडे चिमुकले होते. "पण बघ, काही विशेष नाही. आणि सगळं गोठलेलं असतं तेव्हा हे पानसुद्धा उघडत नाही. तेही याच वायरीतून येतं ना."

"आकडे इतके लहान का? स्विच तर केव्हापासून चालू आहे."

"आत्ताच बंद करून चालू केला ना मी. तो बंद झाला, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून."

लिंबूने मान वर केली.

"म्हणजे त्याने काहीतरी पाहिलं, की तू त्याला विसरायला लावतेस?"

आत्या खुर्चीत मागे टेकली. रोज पळत यायचं, बटण दाबायचं, पळत वर जायचं. यंत्र रोज साक्ष द्यायला उभं राहत होतं आणि रोज तीच त्याचं तोंड बंद करत होती.

"मग उद्या बंद करायचं नाही," मिरी म्हणाली. "साहेब ओरडले की सुरू होईल, तेव्हा ते पान उघडायचं."

"वेडी आहेस का? बाहेर माणसं खोळंबलेली असतील, आणि मी नुसती बसू?"

"बंद करून तरी काय होतं, आत्या?"

"बरं. एकच दिवस," आत्या म्हणाली.

आणि म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी ती चौघं जिन्याखाली बसली होती. फोन वाजून वाजून थांबला आणि परत वाजला. आत्याने तो उचलून फक्त "बघतेय" म्हटलं. दाराच्या फटीतून समोरचा बाक दिसत होता. एक आजी डोळ्याला रुमाल लावून शेजारणीला विचारत होत्या, "आज तरी नंबर लागेल ना?" शेजारीण म्हणाली, "मला तरी कुठे दिसतंय."

लिंबूने आत्याचा पदर धरला होता. आत्या पुटपुटली, "मी यांचं काहीच करू शकत नाहीये. बसलेय नुसती." मिरीच्या मनात आलं, आपलं चुकलं असेल तर? साहेब ओरडूनही काही सुरू झालं नाही तर आत्याचं काम आपल्यामुळेच जाणार. तिने आत्याचा हात आणखी घट्ट धरला.

"बंद करून चालू केलं की नाही?" साहेब जिन्यावरूनच गरजले. "काय लावलंय हे? मोठ्या डॉक्टरबाई बैठकीच्या खोलीत येऊन बसल्यात. वर या."

आत्या जड पावलांनी गेली. पोपट तिच्याबरोबर गेला. मिरी दिव्यांकडे बघत राहिली. ठेका तोच. तोच. तोच.

आणि मग ठेका मोडला. एक दिवा इकडे लुकलुकला, एक तिकडे, नेहमीसारखे. मिरीने आकड्यांचं ते पान उघडून पाहिलं. ते उघडलं.

आकडे फुगून ओळीबाहेर चालले होते. बाहेर गेलेले आकडे तर सगळ्याच पोर्टचे प्रचंड होते. पण आत आलेल्यांच्या रकान्यात फक्त दोन पोर्ट फुगले होते. शेजारशेजारचे दोन. लिंबूने वाकून कपाटातल्या त्या दोन वायरींवरची पट्टी वाचली. दोन्हींवर एकच नाव होतं, 'बैठकीची खोली'.

मुलं जिना चढून वर धावली. साहेब बोलतच होते. शेजारी मोठ्या डॉक्टरबाई उभ्या होत्या. भिंतीवर साहेबांची पाटी होती, 'लोंबते काही दिसता कामा नये'. तिच्याखाली वायर लावायच्या दोन खाचा. एकीतून वायर निघून लॅपटॉपमध्ये गेली होती.

"ही पोरं इथे काय करतायत?" साहेब म्हणाले.

"साहेब, रोज दुपारची बैठक संपली, लॅपटॉप काढला, की या वायरीचं मोकळं टोक तुम्ही कुठे ठेवता?" मिरीने विचारलं.

"कुठे म्हणजे? लोंबत नाही ठेवत. शेजारच्या खाचेत खोचून टाकतो. व्यवस्थित." साहेबांच्या आवाजात अभिमान होता. "आत्ता ओरडायला बसताना काढली, ती आता दवाखाना बंद होईपर्यंत लॅपटॉपलाच."

आत्याने कपाळाला हात लावला.

"काय झालं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"दोन्ही खाचा खाली एकाच स्विचला जातात, बाई. वायरीची दोन्ही टोकं तिथेच लागली की वेटोळं होतं. एखादा कॉम्प्युटर सगळ्यांना हाक मारतो, 'अमुक कोण आहे रे?' स्विच ती हाक सगळ्या पोर्टमधून पुढे देतो. इथून गेलेली हाक तिथून परत त्याच्याकडेच येते. त्याला वाटतं नवीनच आली. तो परत सगळ्यांना देतो. हाकांची इतकी गर्दी होते, की तुमच्या फोटोला जायला वाटच उरत नाही."

"आणि तुम्ही आईला ओरडायला बसलात, की लॅपटॉपसाठी वायर काढता. म्हणून सुरू होतं," पोपट म्हणाला. "मी म्हणालो होतो."

साहेब पाटीकडे बघत होते.

"यावर उपाय?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"स्विचमध्येच आहे. आपलीच हाक परत आली तर ओळखायची आणि तो पोर्ट स्वतः बंद करायचा. पहिल्यापासून बंद ठेवलंय ते. चालू यंत्राच्या सेटिंगला हात लावायचा नाही, असा हुकूम होता."

"आता माझा हुकूम आहे, लावा हात."

आत्या लिंबूला घेऊन खाली गेली आणि त्याला दिव्यांपाशी बसवून परत आली. मग डॉक्टरबाईंनी साहेबांना रोजच्यासारखं आवरायला सांगितलं. साहेबांनी वायर लॅपटॉपमधून काढली आणि शेजारच्या खाचेत खोचली. सगळे वाट बघत राहिले. फोन वाजला नाही. खालून लिंबू ओरडला, "एकच दिवा विझलाय, बाकीचे छान आहेत."

"उद्यापासून दुसरं माणूस बघणार, असं मघाशी म्हणत होतात ना?" डॉक्टरबाई साहेबांना म्हणाल्या. "राहू दे. आणि मुलांनो, शांत बसून राहायला फार धीर लागतो. आज तो तुम्ही दाखवलात. आता मला त्या आजींचा फोटो मिळू दे."

त्या गेल्या. साहेबांनी वायर पुन्हा बाहेर काढली आणि टोक हातात धरून ते तसेच उभे राहिले. खाचेत घालता येईना, सोडवेना. त्यांनी ते टेबलावर ठेवून पाहिलं, ते घसरलं. खुर्चीच्या पाठीवर टाकलं, तिथूनही घसरलं.

"कुठे ठेवू गं हे?" त्यांनी मिरीला विचारलं, अगदी हळू.

मिरीने ते टोक त्यांच्या हातातून घेतलं, पाटीच्या बरोबर खाली नेलं आणि छान लोंबतं सोडून दिलं.