पिवळी अँब्युलन्स

निकेशला घाणीची भारी शिसारी. हॉटेलात बसला की आधी चमचा पुसणार, मग टेबल पुसणार, आणि ज्या रुमालानं पुसलं तो रुमाल वेगळ्या पिशवीत घालणार. असल्या माणसानं खेळण्यांच्या नादी लागावं हेच नवल. खारघरच्या त्याच्या फ्लॅटमधली एक अख्खी भिंत काचेमागे रोबोंनी भरलेली होती. चार ठिकाणी दुमडलं की गाडी, उलगडलं की रोबो, अशी ती खेळणी. सगळी नवी, जुन्या नमुन्यांवरून कंपन्यांनी पुन्हा काढलेली. हातमोजे घातल्याशिवाय तो त्यांना बोट लावत नसे.

त्याचा दोस्त राहिल पनवेलचा, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचा मालक. त्याच्याकडे सगळी जुनी. दर रविवारी दुपारी दोघं एकच खेळणं घेऊन बसत, एक जुनं, एक नवं. वजन, सांधे, रंग ताडून बघत आणि फोटो काढून संग्राहकांच्या ग्रुपवर टाकत.

"नव्याला जान नसते रे," राहिल म्हणे.

"जुन्याला वास असतो," निकेश नाक मुरडून म्हणे.

त्या रविवारी पाळी अँब्युलन्सची होती. निकेशकडे नवी आली होती, दुधासारखी पांढरी. जुनी राहिलच्या फूफीकडे, म्हणजे आत्याकडे, शहाबानोकडे होती. दोघं तिच्या घरी गेले. फूफीनं चहा दिला, आणि मग बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून मलमलीत गुंडाळलेली अँब्युलन्स काढून मांडीवर ठेवली.

ती हळदीत बुडवल्यासारखी पिवळी होती. निकेशला कुणाचे तरी न घासलेले दात आठवले आणि त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"तुझे फूफा दाऊद कुवेतहून घेऊन आले होते," फूफी राहिलला म्हणाली. "माझा शहजाद तेव्हा सहा वर्षांचा. त्याला कावीळ झाली. डोळे असे झाले होते, बघवत नव्हतं. डॉक्टर थकले. मग गव्हाणच्या हौसाला बोलावलं. ती हाताला चुना चोळून कावीळ उतरवायची. पण पोरगा मूठ उघडेना, मुठीत ही गाडी. मग तिनं गाडीसकटच हात चोळले. तिसऱ्या दिवशी पोरगा साफ झाला. गाडी ही अशी."

"आणि शहजादभाई आता दोहाला, पंचेचाळीस वर्षांचा घोडा," राहिल हसला.

फूफी हसली नाही. ती निकेशकडे वळली. "बेटा, फोटो काढ, दोन दिवस ठेव. पण पाणी लावू नकोस. ऊन दाखवू नकोस. हौसानं तेव्हाच बजावलं आहे."

"नाही लावणार, फूफी," निकेश म्हणाला.

आता खरं सांगायचं तर हा शब्द त्यानं देतानाच मोडला होता. त्या काळचं पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडतंच, हे प्रत्येक संग्राहकाला ठाऊक असतं. केस रंगवायच्या सामानात मिळणारं पेरॉक्साइड पाण्यात घालायचं, खेळणं त्यात बुडवायचं आणि उन्हात ठेवायचं, की संध्याकाळपर्यंत पिवळेपणा गायब. म्हातारीला तिची गाडी चकचकीत करून द्यावी, ती खूश होईल, असंही त्याच्या मनात होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सोमवारी त्यानं सुट्टी टाकली आणि सकाळी बाल्कनीत टब मांडून गाडी त्यात बुडवली. दुपारी बघायला गेला तेव्हा आधी वास आला. बरेच दिवस अंथरुणाला खिळलेल्या माणसानं तोंड उघडावं, तसा. पिवळेपणा फिका पडायला हवा होता, तो पडला नव्हता. तो उतरला होता. टबाच्या तळाशी बोटभर जाड साका बसला होता, वर साय धरलेली. निकेशनं हातमोज्यानं ती साय ढवळली, तर ती तुटेना, चामडीसारखी ताणली गेली. पाणी गरम होतं... उन्हानं तापतं तसं नव्हे, अंगासारखं.

सायीतून काहीतरी वर आलं. नख. चंद्रकोरीसारखं, कापून टाकलेलं, लहान मुलाचं.

निकेशनं टब तसाच न्हाणीत नेऊन ओतला. साका सरकता सरकेना, जाळीवर अडून बसला, तो त्याला बोटांनी ढकलावा लागला. नंतर हातमोजा काढला तेव्हा कळलं, करंगळीपाशी तो फाटलेला होता. त्यानं तीनदा साबण लावून हात धुतले.

अँब्युलन्स मात्र पांढरी झाली होती. नवीशेजारी ठेवली तर जुनी कोणती, नवी कोणती, ओळखू येईना. फोटोवर ग्रुपमधून वाहवा झाली.

मंगळवारी वरणाचा वास त्याला सहन झाला नाही. बुधवारी दहाही नखं पिवळी दिसली, गुरुवारी डोळे. रक्त तपासलं, रिपोर्ट स्वच्छ आला. डॉक्टरनं पुन्हा तपासलं, पुन्हा स्वच्छ. आणि उठल्यावर उशीच्या अभ्र्यावर डोक्याएवढा पिवळा डाग. स्वतःच्याच अंगाची अशी किळस त्याला जन्मात आली नव्हती. शर्ट घालताना तो आपला हात आपल्याच पोटाला लागू देत नव्हता.

शुक्रवारी दोघं गाडी परत द्यायला गेले. फूफीनं मलमल उलगडली, पांढरी गाडी पाहिली. तिनं लगेच शहजादला व्हिडिओ कॉल लावला.

"बोला अम्मी," पडद्यावर शहजाद जेवत होता. डोळे पांढरे, दात पांढरे. फूफीनं फोन छातीशी धरला. मग तिची नजर निकेशच्या हातांवर गेली, आणि ती खुर्चीतल्या खुर्चीत थोडी मागे सरकली.

"हौसा आहे अजून," ती हळू आवाजात म्हणाली. "आजच जा. ही गाडी घेऊन जा."

गव्हाण हे निकेशचं स्वतःचं गाव. आजोबांची भाताची जमीन तिथलीच, आणि कावीळ उतरवणं वगैरे अडाण्यांचे चाळे, असं तिथे बसूनच त्यानं किती वेळा म्हटलं होतं. नव्वदीची हौसा ओटीवर बसली होती.

"तू दाजीचा नातू न रं? दाव हात."

तिनं चुना लावून हात परातीत चोळले. पाणी पिवळंधमक झालं, हात तसेच राहिले.

"निंगतंय, पन जागा मागतंय," ती म्हणाली. "ती जुनी गाडी आन."

राहिलनं पुढे केली. हौसानं ती दाबली मात्र, गाडीचं दार ठिसूळ पापुद्र्यासारखं तिच्या बोटात चुरलं.

"हिचं पॉट तू रितं केलंस. आता ही काय घेत नाय. तुज्या जिवाची दुसरी वस्तू हाय?"

निकेश कसाबसा खारघरला जाऊन नवी अँब्युलन्स घेऊन आला. हौसानं ती हुंगली, कानाशी धरली. मग त्याच्या मुठीत देऊन चुना चोळला. परातीतलं पाणी निवळशंख राहिलं. गाडीला डागही लागला नाही.

"ही तुजी नाय."

"माझीच आहे, आजी."

"कदी खेळलास हिच्यासंगती?"

त्या भिंतीवरच्या एकाही खेळण्याशी निकेश कधी खेळला नव्हता.

"आमी याच्याम्होरं काय करू शकत नाय," हौसा म्हणाली. "खेळ. तिला तुजं अंग लागू दे. तिनं घेतलं त घेतलं..."

तेव्हापासून चाळीस वर्षांचा निकेश रोज दुपारी फरशीवर मांडी घालून बसतो. उघड्या, घामेजल्या, पिवळ्या हातांनी अँब्युलन्स उलगडतो, दुमडतो, तोंडानं भोंगा वाजवत सोफ्याखालून फिरवतो. धुळीचे, केसांचे पुंजके चाकांना चिकटतात, त्याला उमासे येतात, तरी तो खेळतो. राहिल शेजारी बसून बघतो. गाडी पांढरीच राहते.

परवा, एकविसाव्या दिवशी, चाक फिरेना म्हणून निकेशनं मागचं दार नखानं उघडलं. आत, रुग्ण ठेवायच्या इवल्याशा जागेत, काहीतरी होतं.

चंद्रकोरीसारखं नख. नुकतंच कापल्यासारखं ओलसर, कडेला पिवळं, लहान मुलाचं.

निकेशनं आपली दहाही बोटं एकेक करून पाहिली. घरात मूल नाही. ज्याचं असू शकलं असतं, तो दोहाला आहे, पंचेचाळीस वर्षांचा.

"फेकून दे," राहिल कुजबुजला. "निकेश, फेक ते..."

पण त्या गाडीनं पहिल्यांदाच काहीतरी आत ठेवून घेतलं होतं. निकेशनं दार अलगद लावलं, ती मुठीत धरली आणि पुन्हा भोंगा वाजवायला सुरुवात केली.