एका मताचा धनी

"मला एक माणूस शोधून द्या," सुभेदार म्हणाले.

जयंतीबाई खरवंडीकरांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "कधीपासून बेपत्ता आहे?"

"बेपत्ता नाही. त्याने मला मत दिलंय."

नागनाथ उंब्रजकरांच्या घशात चहा अडकला. बँकेतून निवृत्त झालेले हे भले गृहस्थ बायको गेल्यापासून रोज सकाळी जयंतीबाईंच्या ऑफिसात येऊन बसत. ऑफिस म्हणजे जयपूरच्या बापूनगरातल्या बाईंच्या घराची पुढची खोली. विमा कंपनीत खोटे दावे उघडे पाडण्यात बाईंची नोकरी सरली होती, आता त्या खाजगी तपास करत. नागनाथरावांना कोणी विचारलं तर ते म्हणत, मी मदतीला असतो. बाई म्हणत, सोबतीला असतात. दोन्ही खरंच होतं.

समोर बसलेले सुभेदार शेषराव काळदाते मूळचे लातूरकडचे. हयात तोफखान्यात गेली. शेवटची बदली जयपूरला झाली, खातीपुऱ्याजवळ घर बांधलं आणि त्याच घरात बायकोही गेली. यंदा विधानसभेला अपक्ष उभे राहिले. निशाणी लाकडी स्टूल. पडले, आणि असे पडले की अनामत रक्कमही जप्त झाली.

"पडण्याचं दुःख नाही," सुभेदार म्हणाले. "पण ज्या बूथवर माझी गल्ली मत देते, तिथं मला एकच मत मिळालं. आता नाक्यावरचे लोक मला बघून एक बोट वर करतात."

"अहो, मग ते तुमचंच असणार," नागनाथराव म्हणाले.

सुभेदारांनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "तसं असतं तर मी इथं आलो असतो का?"

माणूस दुखावलाय, नागनाथरावांनी मनाशी म्हटलं. सुभेदारांनी आपल्या पेल्याला अजून हात लावला नव्हता. बाईंनी घोट घेतला, तेव्हा कुठे त्यांनी पेला उचलला.

"मत गुप्त असतं, सुभेदारसाहेब."

"जगाला सांगू नका. मला सांगा." त्यांचा आवाज खाली आला. "दोघं म्हणतात, ते मत माझं. एक माझी मुलगी मिताली, दुसरा माझा प्रचार सांभाळणारा प्रसन्न. मत एक आणि धनी दोन. म्हणजे एक तरी मला खोटं सांगतोय. मी सामान बांधलंय, बाई. रविवारी गावाकडे निघतो. तिथं आता माझं कोणी नाही, पण इथं तरी कोण आहे? माझ्यावर भरवसा ठेवणारा एक जीव या शहरात आहे असं कळलं, तर राहीन. नाहीतर राम राम."

नागनाथरावांना एकदम गलबलून आलं. संध्याकाळी कुलूप उघडून रिकाम्या घरात शिरताना त्यांनाही रोज असंच काहीतरी वाटायचं.

"मत मागायला फिरला होतात?" बाईंनी विचारलं.

"उभा आहे एवढं सांगितलं. मला द्या, असं आपल्या तोंडाने कसं म्हणायचं? खरं सांगू, उमेदवारांत लायक माणूस एकच होता, आणि तो मी नव्हे. त्यात उमेदवार इतके, की दोन यंत्रं जोडावी लागली. माझं नाव दुसऱ्या यंत्रावर, सगळ्यात वर. तिथवर नजर कोण नेतंय?"

दुपारी दोघं सुभेदारांच्या घरी गेले. व्हरांड्यात दोन लोखंडी ट्रंका दोरीने आवळून ठेवल्या होत्या. मिताली त्यांतल्याच एकीवर बसली होती. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करत होती आणि वाढली सगळी छावण्यांमधून, त्यामुळे मराठी हिंदीच्या कुबड्या घेऊन चालायचं.

"मतलब, काकू, मीच दिलं," ती म्हणाली. "बूथवर गेले, मशीनवर एकदम खाली बाबांचं नाव होतं. स्टूलचं बटण दाबलं, बस." डाव्या तर्जनीच्या नखावर शाईचा काळा डाग अजून ठसठशीत होता.

"बाबा जिंकावेत असं वाटत होतं?"

मितालीने दोरीची गाठ चाचपली. "मी छोटी होते ना, तेव्हा बाबा सुट्टीवर यायचे आणि मी त्यांना ‘अंकल’ म्हणायची. मम्मी हसायची. बाबा नाही हसायचे. आता कुठे रोज एका टेबलावर जेवतो आम्ही." मग ती आत निघून गेली.

तेवढ्यात प्रसन्न आला, हातात गजकचा, म्हणजे तीळगुळाच्या कुरकुरीत वड्यांचा, डबा घेऊन. नाशिकहून बदलीवर आलेला बँक अधिकारी. महाराष्ट्र मंडळाचा गणपती असो की कोजागिरी, पुढे हाच. त्याने गजक मोडून सगळ्यांच्या हातावर ठेवली. त्याची बोटं नखांपर्यंत स्वच्छ होती.

"मोजणीच्या टेबलाशी मीच बसलो होतो," तो म्हणाला. "आपला आकडा ऐकला आणि सुभेदारसाहेब उठून चालते झाले, पुढचं ऐकायला थांबलेच नाहीत. गंमत म्हणजे या बूथवर नाथावतांनाही एकच मत. बिचारे दोघं, आपापल्या मताचे राजे." मग जीभ चावून म्हणाला, "म्हणजे नाथावतांचं त्यांचं स्वतःचं. साहेबांना मी दिलेलं."

"नाथावत कोण?"

"हळू बोला. या घरात ते नाव काढायचं नाही. सुभेदार मूलसिंह नाथावत, गल्लीतलं शेवटचं घर. दोघं एकाच पलटणीतले. दर रविवारी थर्मास घेऊन कानोत्याच्या धरणावर जाऊन बसायचे. दोघांनीही अपक्ष म्हणून अर्ज भरला आणि बोलणंच तुटलं. तो आकडा मी साहेबांना सांगितलेलाही नाही."

गल्लीतल्या त्या शेवटच्या घरी मूलसिंह अंगणात बगरूची छापील रजई उन्हात घालत होते. उंचापुरा, पिकल्या मिशांचा एकटा माणूस. मुलगे परदेशात. त्यांनी दोघांना खुर्च्या दिल्या, चहा आणला, आधी पाहुण्यांचे पेले भरले, आणि पाहुण्यांनी घोट घेतल्यावरच स्वतःचा तोंडाला लावला.

"मराठी शेषरावकडून शिकलो," ते म्हणाले. "बर्फात एका बंकरमध्ये राहायचो आम्ही. शिव्या आधी शिकलो, बाकीचं नंतर."

"मग बिनसलं कशावरून?"

मूलसिंहांनी मिशीवरून हात फिरवला. "आमच्या पलटणीत एक दस्तूर होता. मेसचा पंच निवडायचा असो की पदकाची शिफारस असो, स्वतःचं नाव स्वतः नाही घ्यायचं. दुसऱ्याने घ्यायचं. जो स्वतःसाठी हात वर करेल, त्याच्याशी कोणी पंगतीला बसत नसे. चुनावाची गोष्ट निघाली तेव्हा मी वाट बघत होतो, शेषराव म्हणेल, मूलसिंह, तू उभा राहा. तो काही बोललाच नाही. मग मी रागाने अर्ज भरायला गेलो, तर हा पठ्ठ्या माझ्या आधी रांगेत."

"मतदानाच्या दिवशी बूथवर तुमचा माणूस होता?"

"कोण बसणार माझ्यासाठी? एकटा गेलो, मत दिलं, एकटा आलो. त्याचाही कोणी नव्हता."

"त्यांना इथे एकच मत पडलं म्हणे."

"ऐकलं." मूलसिंह उठून रजई उलटी करू लागले. "पडणारच. बिचाऱ्याला दुसऱ्या मशीनवर टाकलं. बटणाजवळचा लाल दिवासुद्धा धड लागत नव्हता. नुसता मिणमिणत होता."

शेषराव शहर सोडण्याच्या गोष्टी करताहेत, असं बाईंनी सहज सांगितलं. मूलसिंहांचा हात रजईवर थांबला.

परतताना नागनाथराव रस्ताभर अस्वस्थ होते. "बाई, मला तर प्रसन्नच खोटारडा वाटतो. मत मितालीचं असणार."

"तुमचं दिव्याकडे लक्ष होतं का, नागनाथराव?"

नागनाथरावांनी वर रस्त्याच्या दिव्याकडे पाहिलं. भर दुपार होती, तो बंदच होता. बाईंनी सुस्कारा सोडला.

"हे बघा," नागनाथराव काकुळतीला आले, "कुणाचं का असेना, तुम्ही मितालीचंच म्हणून सांगा. म्हातारा राहील तरी. या वयात रिकाम्या घरी जाणं म्हणजे काय असतं, ते मला ठाऊक आहे."

"आणि ती पोर जन्मभर त्या खोट्याचं ओझं वाहील?" बाई म्हणाल्या. "खरं जास्त चांगलं आहे. रविवारी सकाळी माझं एक काम करा. मूलसिंहांकडे जा. सांगा की सुभेदार आज निघताहेत, आणि विचारा की तुमच्याबद्दल बाईंना जे कळलंय ते शेषरावांना सांगितलं तर चालेल का."

रविवारी व्हरांड्यात सगळे जमले. सुभेदार कडक इस्त्रीचा कोट घालून ट्रंकेजवळ उभे होते. नागनाथराव जरा उशिरा, धापा टाकत आले आणि बाईंच्या कानाशी लागले. "म्हणाले, गाडी सुटायच्या आत सांगा." बाईंनी मान हलवली.

"प्रसन्न, डावा हात पुढे करा," त्या म्हणाल्या. "मतदानाची शाई नखावरून इतक्यात जात नाही. मितालीच्या बोटावर आहे, सुभेदारांच्या बोटावर आहे, तुमच्या नाही. तुमचं नाव अजून नाशिकच्या यादीत आहे ना? बदलीचा माणूस कुकर बरोबर नेतो, गादी नेतो, मत मात्र गावीच ठेवतो."

प्रसन्नचे कान लाल झाले. "साहेबांना बरं वाटावं म्हणून बोललो हो. मग माघार घेता येईना."

"मिताली, तू म्हणालीस बाबांचं नाव एकदम खाली होतं. ते दुसऱ्या यंत्रावर होतं, सगळ्यात वर. तू ते बटण शोधलंसुद्धा नाहीस. मत कुणाला दिलंस, ते मी विचारणार नाही."

मितालीने बोटावरची शाई खरवडली. मग वडिलांकडे न बघता म्हणाली, "दुसऱ्याला दिलं, बाबा. सगळ्यात जास्त चान्स होता त्याला. तुम्ही जिंकला असता ना, तर पुन्हा गेला असता. दौरे, मीटिंगा. मी पुन्हा खिडकीत. मला नको होतं ते. मला तुम्ही घरी हवे होता."

सुभेदार ट्रंकेवर बसले. "मला वाटलं, तुला माझी लाज वाटते."

"नाही हो, बाबा."

त्यांनी तिचा हात धरला. पण नजर बाईंकडेच होती. "मग ते मत कुणाचं?"

"आधी तुमचं मत कुठे गेलं ते बघू," जयंतीबाई म्हणाल्या. "ते तुम्ही स्वतःला दिलं नाहीत, हे तुम्ही पहिल्याच भेटीत सांगितलंत. आमच्या नागनाथरावांनी ऐकूनही ऐकलं नाही. ‘आपल्या तोंडाने कसं म्हणायचं’, हा तुमच्या पलटणीचा दस्तूर. साऱ्या मतदारसंघात स्वतःला मत द्यायला लाजणारे उमेदवार कितीसे असतील? आणि लायक माणूस एकच, असंही तुम्ही म्हणालात. ज्याचं नाव घरात काढू देत नाही, त्याच्याच बटणावर तुमचं बोट गेलं."

सुभेदारांनी नाकारलं नाही. "माणूस हेकट आहे. पण त्याच्याएवढा सच्चा माणूस मी पाहिला नाही."

"आकडा ऐकून तुम्ही मोजणीतून उठलात. आणखी थोडं थांबला असतात, तर कळलं असतं. या बूथवर मूलसिंहांनाही एकच मत पडलं."

"एकच?" सुभेदारांच्या कपाळावर आठी पडली. "ते तर मी..."

"हो. ते तुमचं. मग त्यांनी स्वतःचं मत कुठे टाकलं?"

नागनाथरावांच्या डोक्यात आता कुठे प्रकाश पडू लागला.

"मलाही आधी नुसता अंदाजच होता," बाई पुढे म्हणाल्या. "पण त्या दिवशी बोलता बोलता मूलसिंह म्हणाले, तुमच्या बटणाजवळचा दिवा धड लागत नव्हता. तो दिवा बटण दाबल्याशिवाय लागत नाही. बूथवर बसायला तुम्हा दोघांचाही माणूस नव्हता, की कुणाकडून ऐकलं म्हणावं. तो मिणमिणता दिवा ज्याने पाहिला, त्यानेच तुमचं बटण दाबलं. तुम्ही आपलं नाव घ्याल म्हणून ते वाट बघत बसले, ते आपलं घेतील म्हणून तुम्ही. दोघांनी एकमेकांचं नाव घेतलं ते थेट बूथवर, पडद्याआड."

सुभेदार उठले. कोटाची बटणं चाचपली, आणि चष्मा घरात विसरल्यासारखे उगाच इकडेतिकडे बघू लागले. मग त्यांचं लक्ष फाटकाकडे गेलं.

फाटकाबाहेर मूलसिंह उभे होते. काखेत थर्मास, हातात दोन पेले. आत पाऊल टाकायचं की नाही, हे त्यांचं अजून ठरलेलं नव्हतं.

सुभेदार चालत फाटकापर्यंत गेले. कडी मात्र त्यांनी काढली नाही. "मला मत द्यायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"तुला कुणी सांगितलं होतं?" मूलसिंह म्हणाले.

मग मूलसिंहांनी फाटकाच्या खांबावर पेले ठेवले आणि थर्मास उघडला. आधी शेषरावांचा पेला भरला, मग आपला. तोफखान्याचे दोन सुभेदार समोरासमोर उभे राहिले आणि दुसऱ्याने आधी घोट घ्यावा म्हणून थांबून राहिले. डिसेंबरची सकाळ होती. चहा निवत चालला.

"बाबा, प्या ना आता," मितालीने व्हरांड्यातून हाक दिली. तिचे हात ट्रंकेच्या दोरीवर होते आणि पहिली गाठ सुटली होती.