हातमोज्यातले सात टाके

संग्रहालयातल्या जुन्या वस्तूंची निगा राखणं हे माझं काम. त्या आठवड्यात अंतराळवीराच्या उजव्या हातमोज्याची पाळी होती. एकावर एक चार थर, मनगटाला धातूचं कडं आणि तर्जनीवर नखाएवढी चीर. चाळीस वर्षांपूर्वी यानाबाहेर काम करताना त्याला पत्र्याची धार लागली होती. हवा धरून ठेवणारं आतलं कापड फाटलं असतं, तर माणूस हाती लागला नसता. तो सुखरूप परतला. नशीब बलवत्तर, म्हणून सगळ्यांनी विषय सोडून दिला.

क्ष-किरणांच्या चित्रात मला दिसलं, आतलं कापड फाटलंच होतं. चांगलं बोटभर. आणि कुणीतरी ते शिवलं होतं.

सात टाके.

बाहेरच्या नखाएवढ्या चिरेतून तिथवर सुई पोचणं शक्य नव्हतं; वरचे थर उसवावेच लागले असते. वरची शिवण मात्र मूळचीच होती, एक धागाही हललेला नव्हता. मी कागदपत्रं तीनदा चाळली. दुरुस्तीची नोंद कुठेच नाही.

शेवटी तो हातमोजा ज्यांनी शिवला, त्या आजींनाच बोलावलं. ऐंशी ओलांडलेल्या. मुलीचा हात धरून आल्या. भिंग लावून आधी त्यांनी बाहेरची शिवण पाहिली. टाक्याला टाका लागून, बोटांच्या वळणावरही एकसारखा. मी इतकी वर्षं ही कामं बघतेय, पण असा हात पाहिला नव्हता.

"सगळं हातानेच?" मी विचारलं.

"टोकाशी मशीन वळत नाही गं. एक टाका चुकला की सगळं उसवायचं. आत कुणाचातरी जीव असतो ना!"

मग मी चित्र पुढे केलं. त्यांनी भिंग एकेका टाक्यावरून फिरवलं.

"डावखुरा टाका. शेवटी दुहेरी पीळ. हात माझाच आहे."

"पण आजी, तुम्ही हे टाके घातलेत कधी?"

"तेच कळेना. बघ, वेडेवाकडे आहेत. तेव्हा माझा हात कापत नव्हता."

त्यांनी डावा हात उचलून धरला. तो थरथरत होता.

"आई, चल आता. दमलीस," मुलगी म्हणाली.

दारातून आजी वळल्या. "वाकडे असले तरी टिकले हो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीचा फोन आला. बाहेर ऊन रणरणत होतं.

"जेवून खुर्चीतच पेंगली होती आई. उठली ती खुशीत. म्हणाली, शिवून झालं एकदाचं. पण तिच्या डाव्या हाताची बोटं गारठून पांढरीफटक पडलीत. डॉक्टर विचारतायत, एवढ्या बर्फात कुठे गेल्या होत्या?"