एका कोयत्यामागे एक मात्रा

चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरच्या हिमखाणीत सगळ्यात ऊबदार जागा म्हणजे डॉ. यामिनी गर्जे यांची प्रयोगशाळा. कंपनीने नमुने वाळवायला दिलेल्या शेगडीवर यामिनी खुशाल भाकरी भाजू देत असे. भाजणारी असायची प्रयाग मिसाळ. ती खाणीत बर्फ भरायची, आणि पाळी संपली की चंद्रावर उगवलेल्या ज्वारीला नावं ठेवत दोन भाकरी थापून द्यायची. दोघीही बीडकडच्या. तेवढ्या नात्यावर प्रयाग यामिनीला ताई म्हणे आणि जेवली नाही की रागावत असे.

आज मात्र शेगडी थंड होती, कारण खाणीचे व्यवस्थापक टिपणीस समोर बसले होते.

"सोप्या भाषेत सांगा," ते म्हणाले. "वरिष्ठांना पाठवायचंय."

"मेंदूत मायेची दोन केंद्रं असतात," यामिनी म्हणाली. "आपलं माणूस समोर दिसलं की पहिलं जागं होतं. ते सान्निध्यकेंद्र. माणूस समोर नसलं की दुसरं जागं होतं. ते ओढकेंद्र. घर आठवून घशाशी येणारा आवंढा, लेकराच्या काळजीने पोटात पडणारा खड्डा, हे सगळं तिथलं. माझं ओढशामक फक्त दुसरं केंद्र बंद करतं. माणसाला नाव, गाव, नाती सगळं लक्षात राहतं. फक्त त्यांच्याकडे जावंसं वाटत नाही."

"पुन्हा चालू करता येतं?"

"नाही. उंदरांत तरी झालं नाही. म्हणूनच मी ते माणसांना द्यायला तयार नव्हते."

"पण मजुरांना त्याने आरामच पडेल ना? बोलघरातून घरी बोलून आले की दोन दिवस कामात लक्ष नसतं. यंत्रं बिघडतात, खाडे पडतात."

"खाडे पडू नयेत म्हणून माझ्या आजीची गर्भपिशवी काढली होती, साहेब. ऊसतोडीला जायची ती. डॉक्टरने तिलाही सांगितलं होतं, आता आरामच आराम. गुलामांना निदान साखळी दिसायची तरी."

"इथे कुणी गुलाम नाही," टिपणीस दुखावले. "सगळे स्वखुशीने करार करून आलेत."

"करार केव्हाच संपलाय. घरी जायची त्यांची परतपत्रं तुमच्या तिजोरीत आहेत."

"हरवू नयेत म्हणून."

"साखळीसुद्धा माणूस हरवू नये म्हणूनच बांधत असतील."

टिपणीस काही राक्षस नव्हते. घरच्या कुत्र्याला ताप आला तरी रजा टाकणारे गृहस्थ होते. पण वरून हुकूम आला होता, आणि हुकूम आला की त्यांची माया आपोआप आवरती होत असे.

पुढच्या यानाने ओढशामक आलं. मजूर होते ऐंशी, मात्रा आल्या चाळीस.

चूक कुणाची हे शोधायला फार वेळ लागला नाही. कंपनीने मजूर आणले होते ते ऊसतोडीच्या पद्धतीने. नवरा-बायको मिळून एक कोयता. फडात एकाने ऊस तोडायचा, दुसऱ्याने मोळी बांधायची. इथे एकाने किरणयंत्राने बर्फ कापायचा, दुसऱ्याने लादी गाडीत भरायची. दोघांचा मिळून एक पगार. एकटं माणूस कोयता धरला जाणार नाही, असं करारातच होतं. पृथ्वीवरच्या ज्या साहेबाने 'कोयते चाळीस' वाचून चाळीस मात्रा पाठवल्या, त्याने ऊस फक्त रसाच्या पेल्यात पाहिला असावा.

"काही बिघडत नाही," टिपणीस म्हणाले. "एका कोयत्यामागे एक मात्रा. कुणी घ्यायची ते जोडीने ठरवावं. जी जोडी नाकारेल तिला बोलघर बंद."

संध्याकाळच्या पाळीनंतर प्रयाग आणि तिचा नवरा भास्कर प्रयोगशाळेत आले. ते चंद्रावर आले तेव्हा त्यांची तनू रांगत होती. आता ती शाळेत जात होती आणि बोलघराच्या पडद्यावर आईबापांशी पाहुण्यांशी बोलावं तशी बोलत होती.

"तुमीच घ्या," प्रयाग नवऱ्याला म्हणाली. "पोरीशी बोलून आलात की भाकरीला शिवत न्हाईत."

"आन तू? झोपंत तिची वेणी घालतीस. ती बी माझ्या केसाची!"

"म्हणूनशान तर मला नगं. ती कळ बी गेली तर माझ्यापाशी तिचं ऱ्हातंय काय?"

 भास्करने बाही वर सारली. "द्या ताई. एकापाशी असली म्हंजे झालं. कोयता एकच हाय की आमचा."

यामिनीचे डोळे भरून आले. तिने त्याला पुन्हा एकदा सगळं समजावलं. ही कळ परत येणार नाही, हेही सांगितलं. त्याने मान हलवली. आपण नाही म्हटलं तर हीच सुई दुसरं कुणीतरी, काही न सांगता टोचेल, हे तिला माहीत होतं. तिने मात्रा दिली. टोचून होईपर्यंत प्रयागने नवऱ्याचा दुसरा हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी भास्कर पोटभर जेवला आणि पाळीचा भोंगा वाजला तरी जागचा हलला नाही. बायकोने केलेल्या चहाचं कौतुक करत तो खिडकीतून खडक पाहत बसला. मात्रा घेतलेले चाळीसही जण तसेच बसले होते. टिपणीस धावत आले.

"कामावर का गेला नाहीस?"

"कशापायी, साहेब?" भास्करने अगदी मनापासून विचारलं.

"कशापायी म्हणजे? पगारासाठी!"

"पगार घरी जात व्हता. तितं पोचावा असं आता काई वाटंना."

"काम सोडलंस तर परतपत्र मिळणार नाही. इथेच राहशील!"

"ऱ्हाईन की. हितं बी बरंच हाय."

"बोलघर बंद करीन!"

"करा," भास्कर म्हणाला, आणि साहेबांना बसायला जागा करून दिली.

टिपणीस घामाघूम होऊन प्रयोगशाळेत शिरले तेव्हा यामिनी हसत होती. शास्त्रज्ञाला शोभणार नाही इतकी हसत होती.

"साहेब, गुलामाच्या मालकाकडे चाबूक असायचा. तुमच्याकडे तो नाही. कायदा आहे, सगळं चित्रित करणारे दृक्‌टिपक जागोजागी लावलेत. तुमच्या हातात फक्त या माणसांचं घर होतं. ते लांबून दाखवायचं आणि राबवून घ्यायचं. ती ओढच तुम्ही बंद करायला लावलीत. आता त्यांना धरायचं कुठे?"

"मग उरलेल्या चाळिसांना तरी कामाला लावतो."

"एकटं माणूस म्हणजे कोयता नाही. करार तुमच्याच लोकांनी केलाय."

टिपणीसांनी कपाळावरचा घाम पुसला. "भास्कर बायकोचं ऐकतो?"

"ऐकतो. ती समोर असते. त्याचं सान्निध्यकेंद्र शाबूत आहे."

"तिला दुसऱ्या खाणीत हलवली तर?"

"तर तिचीही ओढ वाटणार नाही. मग तो कुणाचंच ऐकणार नाही."

शेवटी टिपणीस प्रयागपुढे जाऊन उभे राहिले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "प्रयागबाई, तुम्हीच सांगा त्याला. तुमचं ऐकतो तो."

"ऐकत्यात की," भाकरी उलटत प्रयाग म्हणाली. "म्हणूनच सांगत न्हाई मी."

"तुम्हाला हवं तरी काय?"

"समद्यांची परतपत्रं द्या. यान बोलवा. मग सांगते त्यांना उठायला, यानात बसायला."

दुपारपर्यंत उरलेल्या एकोणचाळीस जोड्यांचंही तेच उत्तर आलं. जोडीतला एक कशालाच भीत नव्हता, आणि दुसऱ्याला काय मागायचं ते नेमकं ठाऊक होतं.

कंपनीने बराच काळ ताणून पाहिलं. शिधा तोडायची भाषाही झाली. तसा हुकूम कोणाच्या सहीने निघेल, असं यामिनीने सगळ्यांदेखत विचारलं, तेव्हा सही करायला कुणी पुढे आलं नाही. खाण ठप्प होती. अखेर यान आलं. यामिनीही नोकरी सोडून त्यांच्याबरोबर निघाली.

परतीच्या वाटेवर प्रयागला झोप लागेना. भास्कर तनूचं नाव घेई ते एखाद्या स्थानकाचं नाव घ्यावं तसं. "ताई, पोरीला बघून बी ह्यांना काई वाटलं न्हाई तर?" ती पुन्हा पुन्हा विचारायची. यामिनी तिचा हात हातात घेऊन बसायची. उंदरांच्या आधारावर आईला वचन देता येत नाही.

बालाघाटाच्या पायथ्याशी, गावच्या फाट्यावर तनू आत्याच्या पदराआड उभी होती. भास्कर इकडे तिकडे बघत आला, तिच्यासमोर पोचला आणि थबकला.

"तनू?"

पोरीने मान हलवली. तिचे पुढचे दोन दात पडले होते. भास्कर धुळीत मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. तनूने घाबरून आईकडे पाहिलं. प्रयागही रडत होती, यामिनीचा दंड आवळत होती, आणि "झालं, झालं," एवढंच म्हणत होती.

गेलेली ओढ मात्र परतली नाही. तनू शाळेच्या वळणावर दिसेनाशी झाली की भास्कर निवांत आपल्या कामाला लागतो. तेवढ्या वेळेची दोघांच्या वाटची काळजी प्रयाग एकटी करते, आणि करताना कुरकुरतेही. संध्याकाळी पोर दारात आली की भास्कर तिला असा कवटाळतो की शेजारचे हसतात.

दसऱ्याला गावात मुकादम आला. यंदा समुद्राच्या तळाशी खाण सुरू होणार होती, कोयते हवे होते.

"येता का?" त्याने ओसरीवर बसून विचारलं.

"येतो की," भास्कर म्हणाला. "मला कुठं बी बरंच वाटतं."

"न्या," प्रयाग म्हणाली. "पर आधीच सांगते. मी न्हाई यायची. आन गावची शिव वलांडली की ह्यांना घर आठवत न्हाई. पगार दावा, पोरगी दावा, धमकी द्या. बसल्या जागचे हलायचे न्हाईत."

चंद्रावरची हकिकत मुकादमाच्या कानावर आलेली होती. त्याने भास्करकडे आपादमस्तक पाहिलं. दंड भरलेले, छाती रुंद, वय कामाचं.

"ज्याला घरची ओढच न्हाई," तो उठत म्हणाला, "त्याला घरापासनं लांब नेऊन मी करू काय?"

आणि पायात चपला सरकवून तो शेजारच्या दाराकडे वळला.