चाकवतातला सुस्कारा

"तिकडचा चाकवत खुडायचा न्हाई," पूजा म्हणाली. "बन्सीनानांची चुलती रडती तिथं."

हर्षल नाताळच्या सुट्टीत सावेडीहून पुणतांब्याला मामाकडे आला होता. मामीला ताकातली भाजी करायची होती, म्हणून तो, मामेबहीण पूजा आणि तिचा पाच वर्षांचा भाऊ गोरक्ष सकाळीच टोपली घेऊन निघाले होते. गोदावरीवरचं धुकं शिवारात शिरलं होतं. बांधाबांधाचा चाकवत लोकांनी केव्हाच खुडून नेला होता. शेजारच्या बन्सीनानांच्या रानातल्या पडीक कोपऱ्यात मात्र तो गुडघाभर माजला होता.

"चुलती कधी वारली?" हर्षलनं विचारलं.

"कवाच. पण रडती दोन-तीन वर्षांपासून. नानाच सांगत्यात."

हर्षलला हसू येणार, तोच आवाज आला. हूऽऽ... लांबलचक, पोकळ, जमिनीखालून आल्यासारखा. चाकवताच्या मधोमध वाफ उठत होती. वारा पडलेला होता, तरी तिथली पानं हलत होती.

हर्षल दोन पावलं मागे सरला.

"दादा, तिथं मोठी पानं हायेत," असं म्हणत गोरक्ष टोपली घेऊन सरळ वाफेकडे निघाला.

आता हर्षल धावला. त्यानं गोरक्षला मागून धरून ओढलं आणि दोघंही आपटले. पडताना हर्षलचा हात चाकवतात गेला. हाताखाली जमीनच नव्हती! खालून उबट, ओला श्वास तळव्याला लागला.

पूजानं काठीनं पानं बाजूला सारली. कुजलेल्या गोणपाटाखाली भोक होतं, कळशी सहज आत जाईल एवढं. हर्षलनं खडा टाकला. बराच वेळ काहीच नाही. मग कुठंतरी फार खोल, टप्प.

"पान्याचं बोर हाय," पूजा पुटपुटली. "मारून उघडंच सोडलंय. खालची ऊब वर येती, तीच घुमती." तिनं गोरक्षला कडेवर घेतलं, ते घरी पोहोचेपर्यंत खाली ठेवलं नाही.

मामीनं लगेच बन्सीनानांना गाठलं.

"माझ्या रानात बोर?" नाना म्हणाले. "मला तर ठावं न्हाई. पोरांना भास झाला आसंल."

हर्षल पूजाच्या कानात कुजबुजला. पूजा गरीब चेहरा करून म्हणाली, "मग नाना, तुमचं रान, तुमीच पुढं चला. आमाला जागा नीट सापडायची न्हाई."

नाना निघाले. धुकं अजून दाट होतं, भोकावर पानं पुन्हा मिटली होती. तरी चालता चालता नाना एकाएकी थांबले आणि मागून येणाऱ्या मामीला त्यांनी हात आडवा धरला. त्यांच्या पावलापुढेच ते भोक होतं.

"ठाऊक नव्हतं ना, नाना?" हर्षलनं विचारलं. "मग बरोबर इथंच कसे थांबलात?"

नाना मटकन खाली बसले. "पानी लागलं न्हाई. झाकन टाकू, टाकू म्हनत ऱ्हायलो. पोरं येऊ नयेत म्हनून चुलतीचं नाव घेतलं. पुढं खरंच आवाज यायला लागला, तवा मीबी इकडं यायचं सोडलं."

"मेलेल्या बाईला राखनीला बसवलंत," मामी म्हणाली, "पण एक फरशी टाकली न्हाई."

दुपारीच ट्रॅक्टरभर मुरूम आला. भोक बुजलं, वर फरशी बसली. जमलेल्या माणसांसमोर नानांनी हर्षल आणि पूजाच्या पाठीवर हात ठेवला. "या पोरांनी माझं तोंड उघडलं, अन् बोरचं बंद केलं."

संध्याकाळी त्याच कोपऱ्यातल्या चाकवताची भाजी झाली. मामीनं दोघांना आपल्या हातानं पहिली वाढली. "शहानी हायेत माझी पोरं," ती म्हणाली आणि डोळे पुसायला चुलीकडे वळली.

गोरक्षनं भाकरी मोडली. "दादा, आत कोन हुतं रे?"

"कोणीच नाही," हर्षल म्हणाला. मग त्याला खडा टाकल्यावरची ती शांतता आठवली, आणि तो गोरक्षच्या आणखी जवळ सरकून बसला.