भावपत्रा

मंचरच्या पुढे, मिसळीच्या हॉटेलासमोर ती गाडी उभी राहिली आणि बघता बघता तिच्याभोवती मतांचा बाजार भरला.

"डोंगरात जाणारी गाडी कशी पेटीसारखी सरळ पाहिजे," भरघोस मिशांचे एक गृहस्थ म्हणाले. "ही पुढून फारच चोपडी केलीय."

"आणि दिवे गोल हवेत," त्यांच्या मित्राने जोड दिली. "हे चिंचोळे दिवे म्हणजे डोकं दुखतंय म्हणून डोळे बारीक केल्यासारखे."

"मला तर ती उगाच रागावलेली वाटते," कॉलेजातली एक मुलगी म्हणाली. "जायचं भाजी आणायला आणि तोंड लढाईला निघाल्यासारखं!"

आतल्या टेबलावर अवनी भडसावळे हे सगळं ऐकत होती. गाडीचं बाह्यरूप तिनंच रेखाटलं होतं. पूर्वी ती अशी मतं गोळा करत गावोगाव हिंडायची. आता त्याची गरज उरली नव्हती. 'कडा' या तिच्या नव्या गाडीवर भावपत्रा बसवलेला होता. वीज मिळताच आखडणाऱ्या हजारो बारीक तारा आणि त्यांवर ताणलेलं लवचीक आवरण, अशी ती कातडी होती. पुढचे कॅमेरे समोरच्या माणसाच्या भुवया, बुबुळं, खांद्यांचा ताण वाचत आणि त्यानुसार गाडीचं तोंड हळूहळू बदले, इतकं हळू की कुणाच्या लक्षातही येऊ नये.

दुसरा पाव येईपर्यंत दिवे किंचित गोलावले होते, बॉनेटच्या कडा सरळ झाल्या होत्या.

"आता या बाजूनं बरी दिसतेय," मिशावाले गृहस्थ म्हणाले. मुलीनंही मान डोलावली.

चाचणीचालक रशीदा मुलाणी हसली. "मॅडम, त्यांना वाटतंय त्यांचं मत बदललं."

अवनीलाही हसू आलं. त्या क्षणी तिला स्वतःचा अभिमानच वाटला.

त्या दिवशी खरी चाचणी मात्र वेगळीच होती. प्रकल्पप्रमुख निंबाळकरांना गाडीत 'दरारा' हवा होता. "रांगडी गाडी घेणाऱ्याला काय पाहिजे असतं? हॉर्न न वाजवता वाट मोकळी व्हावी," ते म्हणायचे. अवनीला ते पटलं होतं. कर्कश हॉर्नपेक्षा नुसता चेहरा काय वाईट? तो चेहरा तिनं मन लावून घडवला होता.

भीमाशंकरच्या बाजूला एका अरुंद कच्च्या वाटेवर रशीदानं दरारा सुरू केला. एका हाताला कातळ, दुसऱ्या हाताला उतार. वळणावर समोरून एक बाई आल्या, डोक्यावर हिरड्याचं गाठोडं घेऊन. रशीदानं गाडी जागीच थांबवली. बाईही वाटेच्या मधोमध थांबल्या आणि कौतुकानं गाडीकडे बघू लागल्या.

भावपत्रा हलला. दिवे अरुंद झाले, बॉनेटचे खांदे वर आले. बाईंच्या चेहऱ्यावरचं कौतुक मावळलं आणि त्या एक पाऊल मागे सरल्या. वाट अजून मोकळी झाली नव्हती, पण भीती लागू पडतेय एवढं यंत्रणेला कळलं. पुढची जाळी जबडा उघडावा तशी रुंदावली.

"बंद कर!" अवनी ओरडली.

रशीदाचा हात बटणाकडे गेला, तोवर बाईंनी आणखी एक पाऊल मागे टाकलं होतं. तिथं वाट नव्हती.

सुदैवानं त्या कारवीच्या झुडपांत अडकल्या. दोघी उतरून त्यांच्यापाशी पोचल्या. डाव्या पायाचं हाड मोडलं होतं. "मी गाडी हलवलीसुद्धा नाही," रशीदा पुनःपुन्हा म्हणत होती. कसंबसं त्यांना वर आणलं, पण गाडी दिसताच त्या किंचाळल्या, "नगं! तिच्यात नगं बसवू मला!"

दुसरी गाडी मिळण्यासारखी जागा नव्हती. अवनीनं खिडकीतून आत वाकून दुसरं बटण दाबलं. त्या सोयीचं नाव होतं 'माया'. दिवे वाटोळे झाले, खांदे उतरले, जाळी मिटून मऊ वळणाची झाली. बाईंचा श्वास हळूहळू संथ झाला. त्यांनी हात पुढे करून बॉनेटला लावला.

"गरीब हाय गं बिचारी," त्या पुटपुटल्या.

ज्या तोंडानं त्यांना उतारावर ढकललं होतं, त्याच तोंडावरून त्या हात फिरवत होत्या.

तालुक्याच्या दवाखान्यात निंबाळकरांचा फोन आला. "त्या स्वतःच सांगतायत ना, पाय घसरला म्हणून? झालं तर मग. दरारा आपण काढून टाकू. पण माया बघ कशी लागू पडली! रुग्णवाहिकांना बसवू. भेदरलेल्या माणसाला धीर देणं वाईट आहे का, अवनी?"

वाईट नव्हतंच ते. तरी फोन ठेवल्यावर ती उठली आणि बायकांच्या वॉर्डात गेली.

चिमाबाई गवारी पायाला प्लॅस्टर घालून पडल्या होत्या. अवनी खाटेशेजारच्या स्टुलावर बसली.

"मावशी, तुमचा पाय घसरला नाही," ती म्हणाली. "गाडीनं तुम्हाला मुद्दाम भिववलं. ते तोंड मी केलं होतं. पोलिसांनाही मी हेच सांगणार आहे."

चिमाबाईंनी विचारलं, "अन् मंग ती गरीब झाली, ते?"

"तेही मीच. तुमची भीती जावी म्हणून."

"म्हंजी भ्याले ते तुझ्या मनानं, अन् इस्वास टाकला तोबी तुझ्याच मनानं," चिमाबाई सावकाश म्हणाल्या. "मंग माझं सोताचं काय व्हतं त्यात?"

अवनीचे डोळे भरून आले. चिमाबाईंचा हात सवयीनंच तिच्याकडे निघाला, पण मध्येच थबकला. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट, निरखून पाहिलं.

"पोरी," त्यांनी विचारलं, "हे तोंड तरी तुझंच हाय ना?"